सब्र कुणी करायचा?

उर्दू शिकवताना 'बेजबान' हा शब्द वारंवार येतो. पाचवीच्या वर्गात त्याचा अर्थ सांगताना मी मराठीतला 'मुका' हा शब्द फळ्यावर लिहिते, कारण शाळेचे फाटक ओलांडले की आमची मुले मराठीतच वावरतात. दोन्ही भाषांनी जनावराला एकच विशेषण दिले आहे. पण जनावर खरोखर मुके असते का? भूक लागली, अनोळखी माणूस दाराशी आला, घरचा माणूस परतला, हे सगळे कुत्रा सांगतो आणि आपल्याला ते कळते. त्याला सांगता येत नाही ते एवढेच की कुठे दुखते आणि कधीपासून. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याला त्याला सांगता येत नाही. हे का होते आहे आणि कधी थांबेल, हे कोणत्याही भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे मुकेपणा दोन्ही बाजूंनी आहे. शब्दकोशात मात्र तो एकट्या जनावराच्या नावावर लिहिलेला आहे.

हा विचार मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमचे घर जुळे सोलापूरला, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे. खाली भाऊ-भावजय, अब्बा आणि पुतण्या, वर मी. आसपास मोकळे प्लॉट बरेच. एका वर्षी लागोपाठ दोन-तीन घरफोड्या झाल्या आणि भावाने उत्तर सोलापूरकडच्या एका ओळखीच्या धनगराकडून पाच महिन्यांचे पिल्लू आणले. आधी त्याला काय टोचले आणि काय नाही, याची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. रेबीजची लस आमच्याकडे आल्यावर दिली. पुतण्याने नाव ठेवले शेरू.

आपल्या घरात कुत्रा येतो तेव्हा काय काय बोलले जाते ते वाचकांना सांगायला नको. जिथे कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस ज्याला दुसरी एकही हदीस पाठ नाही त्यालाही पाठ असते. शिकारीसाठी, गुराढोरांसाठी आणि राखणीसाठी कुत्रा पाळायला सवलत आहे, हेही त्याच हदीसच्या ग्रंथांत आहे. ते कमी लोकांना माहीत असते. मतभेदही आहेतच. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा पाक आहे, शाफईंच्या मते सगळा नापाक, आणि आपल्याकडचे बहुसंख्य लोक ज्या हनफी मताचे, त्यात लाळ नापाक, अंग नव्हे. आमच्या घरी अब्बांनी यातून सरळ मार्ग काढला. शेरू अंगणात राहील, त्याचे भांडे वेगळे, नमाजचे कपडे वेगळे, आणि तो चोरांसाठी आहे, लाडासाठी नाही. शेवटची अट महिनाभरही टिकली नाही, आणि ती मोडणाऱ्यांत अब्बा पहिले होते.

२०२३ च्या पावसाळ्यात त्याला ताप आला. डोळ्यांतून आणि नाकातून घाण येत होती, जुलाब झाले, मग तो बरा झाला. दिवाळीनंतर त्याचा जबडा आपोआप हलू लागला, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखा. तोंडाला फेस यायचा. पुढे सबंध अंगाला झटके येऊ लागले. आडवा पडून पाय मारायचा, लघवी व्हायची, दोन-तीन मिनिटांनी उठून भिंतीला धडकत फिरायचा आणि मग आम्हाला ओळखायचा. यानंतर जे झाले ते अधिक विचित्र होते. त्याच्या कानशिलावरचे मांस उतरू लागले. खाणे नेहमीसारखे, तरी डोक्यावरची हाडाची धार वर आली, डोळे खोल गेले, मांड्या बारीक झाल्या. वर्षाचाही नसलेला कुत्रा म्हातारा दिसू लागला.

कारण काय, हे प्रत्येकाला विचारून झाले आणि न विचारताही प्रत्येकाने सांगितले. नात्यातल्या एका बाईंनी नजर लागली म्हणून सांगितले. कुणी करणीचा संशय घेतला. एका बुजुर्गांचे म्हणणे, घरात कुत्रा ठेवलात, हा त्याचाच इशारा आहे. शेजारी म्हणाले, कुणीतरी शेतातले औषध खाऊ घातले असेल. गल्लीत बोलबाला झाला तो पिसाळल्याचा, आणि ती भीती खोटी म्हणता येत नव्हती. डॉक्टरांनी ज्या ज्या माणसाच्या हाताला लाळ लागली होती त्या सगळ्यांना निदानाची वाट न पाहता लस घ्यायला लावली. लक्षणे दिसू लागल्यावर पिसाळलेला कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. शेरू महिना उलटून गेल्यावरही खात होता, म्हणून ती शंका मिटली.

या सगळ्या कारणांत मला एक साम्य दिसले. प्रत्येक कारणात कुणीतरी दोषी होते. नजर लावणारी, करणी करणारा, औषध घालणारा शेजारी किंवा कुत्रा आणणारा माझा भाऊ. दोषी सापडला की माणसाला हलके वाटते, कारण मग जे करायचे ते त्या दोषीने करायचे असते. अंगणात झटके देत पडलेल्या जनावराकडे पाहण्याऐवजी आपण सगळे रस्त्याकडे बघू लागतो. आजारी माणसाच्या बाबतीतही आपण हेच करतो. फेफरे येणाऱ्या मुलीला डॉक्टरकडे नेण्याआधी तिला कुठल्या झाडाखालून नेले होते, याची चौकशी करणारी घरे मी शाळेच्या निमित्ताने पाहिली आहेत.

डॉक्टरांचे उत्तर वेगळ्या कारणाने अवघड होते. रक्ताचा अहवाल जवळजवळ ठीक. मेंदूला सूज असावी, कशाने ते खात्रीने सांगता येत नाही. अशा लक्षणांमागे एखादा परजीवी असू शकतो, जबड्याच्या स्नायूंचा स्वतंत्र आजार असू शकतो, विषबाधाही असू शकते. पण पावसाळ्यातला तो ताप लक्षात घेता त्यांचा संशय डिस्टेंपरवर होता. हा विषाणूचा आजार. ताप, डोळे-नाक वाहणे, जुलाब हा पहिला टप्पा; कुत्रा बरा झालासे वाटते आणि काही आठवड्यांनी विषाणू मेंदूत असल्याचे कळते. तोवर तपासणीत तो सापडेलच असे नसते. १९०५ साली आंरी कारे या फ्रेंच संशोधकाने हा आजार विषाणूमुळे होतो हे दाखवले. आपल्या लेकरांना होणाऱ्या गोवराचा विषाणू आणि हा एकाच कुळातले. गोवरावर जसे औषध नाही, लस आहे, तसेच इथेही. लस पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असल्यापासून ठरावीक अंतराने द्यायची असते. आजार मेंदूत गेल्यावर हातात उरते ते झटके कमी करणे.

याच संदर्भात मला नान्नजचा अभ्यास वाचायला मिळाला, आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट आपल्याला किती कमी माहीत असते याचे नवल वाटले. सोलापूरहून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य आपण सहलीला जाऊन पाहतो. तिथल्या गावांमधल्या कुत्र्यांचे आणि माळावरच्या खोकडांचे रक्त तपासून अबी तमीम वनक, अनिरुद्ध बेलसरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात होत्या, आणि हे विषाणू खोकडांपर्यंतही पोहोचलेले होते. म्हणजे आम्ही ज्याला आमच्या अंगणातली अघटित गोष्ट समजत होतो ती आसपासच्या माळावर रोज घडत होती. तिकडे पाहणारे कुणी नव्हते एवढेच. २०१८ साली गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला, तेव्हा ते वर्तमानपत्रात आले. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच आजाराने सुमारे हजार सिंह गेले, त्याची दखल साऱ्या जगाने घेतली. धनगराच्या वाड्यावरचे पिल्लू झटके देऊन मरते त्याला कुणी आजार म्हणत नाही. कुत्रे मेले, एवढेच म्हणतात.

तरीही शेरूच्या बाबतीत शेवटपर्यंत 'असावे' हाच शब्द राहिला. आम्ही त्याला गार्डिनालच्या गोळ्या सुरू केल्या. माणसांच्या फेफऱ्यावर देतात तीच गोळी. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून पेशंट कोण म्हणून विचारले, आणि नाव वाचून आधी हसला. मग त्याच्या भाचीलाही हीच गोळी चालू असल्याचे त्याने सांगितले.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर. मघाशी ज्या बुजुर्गांचा उल्लेख केला ते एके दिवशी अब्बांना म्हणाले, "राखनेकू जायज था, राखन के वास्ते. अब राखन करता क्या वो? नै ना? तो फिर कायकू रखना?" त्यांचे बोलणे चुकीचे वाटेल, पण त्यात तर्क आहे, आणि तो तर्क धर्माच्या भाषेत मांडलेला होता. सवलत उपयोगासाठी होती. उपयोग संपला, सवलत संपली. कंबर तलावाच्या बाजूला सोडून द्या, अल्लाह मालिक आहे. जनावराला उपाशी-तहानलेले मरू देईल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे भावाने सांगून पाहिले. पण धर्माच्या युक्तिवादाला कायद्याचे कलम हे उत्तर होत नाही. बुजुर्गांना त्यांच्याच घरातले उत्तर द्यायला हवे होते.

ते उत्तर साडेसातशे वर्षांहून जुने आहे. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम हे दमास्कस आणि कैरोतले मोठे फकीह, १२६२ साली वारले. उलेमांचे सुलतान असा त्यांचा लौकिक होता. 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात त्यांनी माणसाचे माणसावर हक्क कोणते हे लिहिता लिहिता जनावरांचे माणसावर हक्क कोणते हेही लिहून ठेवले आहे. त्यांतला पहिलाच हक्क असा की जनावराचा खर्च माणसाने उचलावा, ते म्हातारे किंवा आजारी होऊन त्याचा काहीही उपयोग उरला नसला तरी. शेवटची अट त्यांनी मुद्दाम घातली असणार. तेराव्या शतकातही कुणीतरी येऊन त्यांना विचारत असेल, अब राखन करता क्या वो?

मला यातले महत्त्वाचे असे वाटते की उपयोग हे दार उघडण्याचे कारण आहे, दार बंद करण्याचे नाही. आपण कुणाला कशासाठी घरात घेतले आणि घेतल्यानंतर त्याचे आपल्यावर काय देणे झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सून घरात आणताना काय काय पाहतात ते आपण जाणतो. ती अंथरुणाला खिळली की तिला माहेरी पोहोचवणारी घरेही आपण जाणतो. तिथेही तर्क हाच असतो, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि सूरह कहफमधला कुत्रा? गुहेतल्या तरुणांची ती गोष्ट दर जुम्याला पढणारे आपल्यात कितीतरी आहेत. त्यात ते तरुण किती होते यावर लोक वाद घालतात, कुणी तीन म्हणतो, कुणी पाच, कुणी सात; आणि प्रत्येक मोजणीत कुत्रा शेवटी मोजलेला आहेच. वर्षानुवर्षे गुहेच्या उंबऱ्यावर पाय पसरून पडलेल्या त्या कुत्र्याने त्या काळात किती चोर पकडले, हे कुणी विचारलेले नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. त्या माणसानेही कुत्रा तहानेला का राहिला, कुणाचा आहे, कामाचा आहे का, यांपैकी काही विचारले नाही.

फेब्रुवारीपर्यंत शेरूचे झटके गोळ्यांना जुमानेनासे झाले. मधल्या वेळात तो ओळखायचा तेही कमी झाले. जबड्यात ताकद न राहिल्याने पातळ पेज चमच्याने घालावी लागे आणि तीही ठसक्याने बाहेर यायची. डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला. आधी झोपेचे, मग हृदय थांबवणारे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांतही बरे न होणाऱ्या आजारी कुत्र्याला पशुवैद्याने वेदनारहित मरण द्यावे अशी तरतूद आहे. पण आमच्यापुढचा प्रश्न परवानगीचा नव्हता.

आपल्याकडे अशा वेळी एक शब्द पुढे येतो. सब्र. जान देणारा तो, घेणारा तो, आपण सब्र करावा. मीही वर्गात सब्रवरचे धडे शिकवते. पण इथे सब्र कोण करणार होते? आम्ही तर वर जाऊन झोपत होतो. सब्राला अर्थ असतो तो समजून घेऊन सोसणाऱ्याच्या बाबतीत. हजरत अय्यूब यांना ठाऊक होते की आपल्यावर काय येते आहे आणि ते कुणाकडून येते आहे. म्हणून त्यांचे सोसणे सब्र ठरले. ज्याला ही परीक्षा आहे हे सांगता येत नाही, ज्याला परीक्षाच नाही, शरीयतच्या भाषेत जो मुकल्लफ नाही, त्याच्यावर सब्र लादता येईल का? माझ्या मते नाही. दुसऱ्याने सोसायचे आणि सब्राचा सवाब आपण घ्यायचा, हा हिशेब मला बरोबर वाटत नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच धोक्याची आहे, आणि ती अब्बांनी दाखवली. अब्बा गिरणीत जॉबर होते, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "उसकू छुडाना है की अपनेकू छूटना है, ये पहले देखो." रात्रीची जागरणे, अंगणाची घाण, गल्लीची बोलणी, गोळ्यांचा खर्च, यांना आम्ही सगळेच कंटाळलो होतो. कंटाळलेला माणूस आपल्या सुटकेला सहज दया म्हणतो. म्हणून त्यांनी एक मोजमाप ठरवले, आणि मला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी वाटले. सलग तीन दिवस, ज्याचा कंटाळा सर्वांत कमी त्याने, म्हणजे पुतण्याने, पाहायचे की दिवसातून एकदा तरी शेरू आपले भांडे ओळखतो का, हाकेला कान हलवतो का. एकदा जरी ओळखले तर थांबायचे. फिकहच्या इमामांत या प्रश्नावर एकमत नाही, मारायचेच असेल तर कमीत कमी वेदना होईल असे मारा, या पैगंबर (स.) यांच्या शिकवणीवर मात्र कुणाचे दुमत नाही. कायद्यात आणि किताबांत आम्हाला इतकेच सापडले. पुढचे अंगणात बसूनच ठरवावे लागणार होते.

पहिल्या दिवशी त्याने कान हलवला. इंजेक्शन पुढे ढकलले. पुन्हा तीन दिवस मोजले, आणि त्या तीन दिवसांत काहीच झाले नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर घरी आले. अब्बा शेवटपर्यंत जवळ बसले, हात त्याच्या मानेवर. नंतर त्यांनी हात धुतले, कपडे बदलले आणि असरची नमाज पढली. बुजुर्ग संध्याकाळी आले आणि जागा कुठे खणली ते विचारून, दगड कमी पडले होते ते स्वतः आणून टाकून गेले. वादाबद्दल कुणी काही बोलले नाही.

पुतण्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. कयामतमध्ये शेरू उठेल का? जनावरेही तुमच्यासारखीच उम्मत आहेत आणि तीही रबकडे गोळा केली जातील, असा कुरआनच्या सूरह अनआममधला आशय मी त्याला सांगितला. बिनशिंगाच्या बकरीला शिंगवालीकडून न्याय मिळेल, ही हदीसही सांगितली. तो म्हणाला, पण शेरूला तर कुणी मारले नव्हते. मग न्याय कुणाकडून? सहावीतल्या मुलाने नेमके तिथे बोट ठेवले जिथे जुने पंडित अडले होते. गुन्हा नाही, परीक्षा नाही, तरी वेदना आहे, हे कसे? मोतझिला पंथाचे विचारवंत म्हणत की अल्लाह न्यायी आहे, तेव्हा जनावराने सोसलेल्या प्रत्येक वेदनेची भरपाई त्याला आखिरतमध्ये मिळालीच पाहिजे. अशअरी म्हणत की अल्लाहवर 'पाहिजे' असे काही बंधन नसते. मदरशांत दुसरे मत टिकले, पहिले मागे पडले. मी अशा विषयांत पडू नये असे आमच्या काही सहकाऱ्यांना वाटते, पण मला पहिल्या मताची ओढ आहे हे लपवत नाही. ज्याला आपण कारणही सांगू शकलो नाही, त्याला निदान भरपाई तरी असावी.

तेवढे मी पुतण्याला सोपे करून सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, भरपाई म्हणजे शेरूला काय मिळेल?

मी म्हटले, तुला काय वाटते?

"जबडा," तो म्हणाला. "पहिल्यासारखा. हड्डी फोडायला."